नवऱ्यांच्या नावच्या सह्या

१२ जून २००६, सोमवार

मोडकळीला आलेलं घर! माझं! नगरपालिकेचं पत्र आलंय. कारण काय, तर बाथरूम एकच आणि वरच्या मजल्याचं छत ठेंगणं. असली कारणं लावून आमची अख्खी गल्ली ताब्यात घ्यायची आणि एका बिल्डरला द्यायची. रस्त्यासाठी नाही, शाळेसाठी नाही — मॉलसाठी! भरपाई देतील म्हणे. चुलीत घाला ती भरपाई. माझा नवरा एमिल याच घरात वारला, मीही इथूनच जाणार.

१५ जून

वकील म्हणाला, आजच्या कायद्याने ते घेऊ शकतात. मग कायदा बदला की! गावच्या सनदेत, म्हणजे नगरपालिकेच्या मूळ नियमांत, एकच ओळ घालायची: कुणाचं घर जबरदस्तीने घेऊन दुसऱ्या खाजगी माणसाला द्यायचं नाही. चारशे मतदारांच्या सह्या जमल्या तर नोव्हेंबरात गाव त्यावर मत देईल.

डोलोरेसला फोन केला. "अगं, चारशेच ना? चर्चमधल्या बायका उठवल्या तरी बरंच काम झालं!" मैत्रीण असावी तर अशी.

४ जुलै

स्वातंत्र्यदिनाच्या परेडमध्ये एकशे बारा सह्या! पाय सुजलेत. पण काय मजा आली!

२४ जुलै

चारशे एकतीस सह्यांचा गठ्ठा नगरपालिकेच्या क्लार्कच्या टेबलावर आपटला. शेजारचा ओटो गाडीतून घेऊन गेला होता. "हळू, व्हर्ना," म्हणतो कसा, "टेबल सरकारी आहे, मोडलंस तर तुझं घर आजच घेतील."

१ ऑगस्ट

घोटाळा! एकसष्ट सह्या बाद!

क्लार्क प्रुइट बिचारा घाम पुसत होता. "बाई, मतदारयादीत मिसेस स्टॅनली कोवाल्चिक अशी कुणी नाहीच." नसणारच! आम्ही म्हाताऱ्या स्लोव्हाक बायका, लग्न झाल्यापासून सगळीकडे नवऱ्याच्याच नावाने सही करतो. हात आपोआप तेच लिहितो. यादीत मात्र आमची स्वतःची नावं! मी रागाने विचारलं, एवढी अक्कल नको का एकेकीला? त्याने गुपचूप पहिलं पान पुढे केलं. सगळ्यात वरची सही — मिसेस एमिल हुडाक. म्हणजे मीच!!

तीस सह्या कमी पडतायत, भरून द्यायला दहा दिवस हातात. आधी रडू आलं. मग डोलोरेसला सांगताना असं हसू फुटलं की बोलताच येईना.

४ ऑगस्ट, शुक्रवार

चर्चच्या हॉलमध्ये बिंगो. आकडे डोलोरेसच पुकारते. माइक धरून म्हणाली, "आईबापांनी ठेवलेल्या नावाने सही केल्याशिवाय पुढचा आकडा काढणार नाही!" नुसता गोंधळ! "अगं, माझे फक्त दोनच आकडे राहिलेत!" "मग कर सही, भवाने!"

ॲग्नेस चौऱ्याऐंशीची. जीभ बाहेर काढून सावकाश लिहिलं, मग कागद लांब धरून बघत बसली. "बाई गं, किती वर्षांनी लिहिलं. छान दिसतं की!"

अठ्ठावन्न सह्या! पुरून उरल्या!

७ नोव्हेंबर

मतदान करून आले. बसवेना, म्हणून पिरोगी, आमच्या बटाट्याच्या करंज्या, करायला घेतल्या. दोनशे झाल्या. खाणार कोण?

८ नोव्हेंबर

जिंकलो! जिंकलो! जिंकलो! दोन हजार एकशे चौदा विरुद्ध तेराशे ऐंशी! गल्लीत अकॉर्डियन वाजलं, पिरोगी दहा मिनिटांत फस्त. ओटो माझ्याबरोबर नाचला, म्हणजे माझ्या पायांवर नाचला. घर माझं! कुणाच्या बापाची टाप नाही आता!

२० नोव्हेंबर

पुढे कधी कुणी बोट दाखवू नये म्हणून जागेची मोजणी करून घेतली. मोजणीवाल्याने तीनदा मोजलं. हद्दीची रेघ थेट माझ्या स्वयंपाकघरातून जाते. एमिलने वाढवलेला भाग, सव्वातीन फूट, ओटोच्या जमिनीत! चौतीस वर्षं! आणि गावभर घसा फोडत कोण फिरत होतं? मी!

तोंड लपवत ओटोकडे गेले. "ठाऊक आहे मला," म्हणाला. "एमिल पाया खणत होता तेव्हाच दिसलं होतं."

मग बोलला का नाहीस रे?

"तुला जुळं होणार होतं. जागा लागणारच होती."