खालचा फुटवा

प्रिय सूनबाई,

तुझं पत्र येऊन तीन महिने झाले. इतके दिवस उत्तर नाही, म्हणजे म्हातारा एकतर आजारी आहे नाहीतर रुसलाय, असं तुला वाटलं असेल. दोन्ही नाही. गुडघे सोडले तर तब्येत ठणठणीत आहे, आणि तुझ्यावर रुसायचं तर मला दुसरा जन्म घ्यावा लागेल. रोज दुपारी रंधा बाजूला ठेवतो, कागद पुढे ओढतो, 'प्रिय सूनबाई' लिहितो आणि पुढे पेन्सिल सरकत नाही. अशी नुसती 'प्रिय सूनबाई' लिहिलेली नऊ-दहा पानं कामाच्या फळीखाली जमली आहेत. तू तर काही आडपडदा ठेवला नव्हतास. एका भल्या माणसाने लग्नाचं विचारलंय, तुझ्याही मनात आहे, पण आई आणि बाबा, आम्ही दोघांनी मनापासून हो म्हटलं तरच, एवढं स्वच्छ लिहिलं होतंस. त्याला उत्तर म्हणून एक अक्षर पुरलं असतं. ते का लिहिता आलं नाही, ते सांगायला बसलोय. जरा वळसे घेत सांगेन. खिळा ठोकायचा तरी मी आधी फळीभोवती दोन चकरा मारतो, हे तू पाहिलंच आहेस.

यंदा ऊन फार आहे. दहा वाजताच छपराचे पत्रे तडतडायला लागतात. तुझी आई खिडक्यांना ओल्या चादरी लावते, आणि त्या वाळेपर्यंत आम्ही दोघं फरशीवर पाठ टेकून पडतो. बोलायचं काही नसतं. मध्येच ती म्हणते, "चादर वाळली," मी म्हणतो, "वाळली," आणि कुणीच उठत नाही. परसात काकड्या इतक्या आल्यात, की शेजारची शिंपीणबाई आता मला बघून दार लावून घेते. परवा कुंपणावरून ओरडून म्हणाली, "सुतारभाऊ, काकडी सोडून काहीही द्या, शिव्या दिल्या तरी चालतील." टोमॅटो मात्र एकदम पिकले. तुझ्या आईने ते चिरून, मीठ लावून अंगणात जुन्या पडद्यावर वाळत घातले, आणि मी राखण करायला बसलो. मी डुलकी काढली, चिमण्यांनी पडदा साफ केला. त्यावर ती काय म्हणाली ते लिहीत नाही, कागद चांगला आहे.

तिच्या डोळ्यांचं तुला कळवायचं राहिलं. मोतीबिंदू पिकायचाय, मग काढतील. तोवर वाचता येत नाही, म्हणून तुझी पत्रं मीच वाचून दाखवतो. आता हे लिहिताना लाज वाटते, पण तुझं ते पत्र मी तिला पुरतं वाचून दाखवलं नाही. दवाखान्यातली तुझी पाळी बदलली, नवी खोली हवेशीर आहे, तुझ्या हातची भाकर आता करपत नाही, एवढंच वाचलं आणि घडी घातली. ती म्हणाली, "चार पानांत एवढंच?" मी म्हणालो, "अक्षर मोठं झालंय तिचं." तिने मान हलवली. चाळीस वर्षं माझ्याबरोबर काढलेली बाई ती, तिला हे पटलं असेल असं मला तेव्हासुद्धा वाटलं नव्हतं.

तुला परसातलं पीचचं झाड आठवतं ना? आठवणार नाही कसं. तू या घरात आलीस त्याच वर्षी आपल्या पोराने त्याचं कलम केलं. दिवसभर विजेच्या खांबांवर चढणारा पोरगा, संध्याकाळी घरी येऊन त्या रानटी खुंटासमोर उकिडवा बसायचा. कुठूनतरी गोड पीचची काडी आणली, तिचा नखाएवढा कोंबाचा डोळा काढला, खुंटाच्या सालीत चीर देऊन आत बसवला आणि वर पट्टी गुंडाळली. मी चेष्टा केली होती, "लाकडाला मलमपट्टी करणारा पहिलाच सुतार या घराण्यात जन्मला." तो म्हणाला, "बाबा, तुम्हाला लाकूड कळतं, झाड कळत नाही." तू स्वयंपाकघराच्या दारात उभी राहून हसलीस, आणि सासऱ्यासमोर हसले म्हणून जीभ चावलीस. चौथ्या उन्हाळ्यात पहिली सात फळं आली. पहिलं त्याने तुला दिलं आणि रस कोपरापर्यंत ओघळला तरी तू पुसायला हात थांबवला नाहीस. पुढच्या पावसाळ्याआधी तो गेला. खांबावरचा प्रवाह बंद केलाय असं सांगणाऱ्याने तो बंद केला नव्हता. यावर मी कधी बोललो नाही, आजही बोलत नाही.

तो गेल्यावर झाडाकडे कुणी पाहिलं नाही. तूही वर्षभरात नोकरीच्या गावी गेलीस, ते बरंच केलंस. पुढच्या उन्हाळ्यात बघतो तर बुंध्यापासून हिरवेगार, सरळसोट फुटवे वर आलेले. मला काय वाटलं ते कसं सांगू? मी तुझ्या आईला हाताला धरून परसात नेलं. "बघ, पोराचं झाड कसं फुटलंय." तिने हाताने चाचपून पाहिलं आणि पहिल्यांदा पोटभर रडली. त्या दिवसापासून मी त्या फुटव्यांचा गडी झालो. सकाळ-संध्याकाळ पाणी, शेणखत, आधाराला माझ्या हातची तासलेली काठी. वरच्या जुन्या फांद्या एकेक वाळत गेल्या. मी म्हणालो, जुनं जातं, नवं येतं, असंच असतं. गेल्या वर्षी वर दोन-तीन फळं धरली तीही पाखरांनी नेली. यंदा मात्र खालचे फुटवे फळांनी लगडले. सांगायचं तर, तुझं पत्र आलं त्या दिवशी मी फळं मोजत होतो.

त्यानंतर महिनाभराने, भर दुपारी, एक माणूस फाटकाशी आला. पस्तीस-चाळिशीचा, अंगाने सडपातळ, नखांत माती. तुझी आई आत पडली होती. मी त्याला पाणी दिलं. त्याने अर्धं प्यायलं आणि उरलेलं सवयीने कुंडीत ओतलं. त्याला झाड दाखवलं. आल्यागेल्याला ते दाखवायचं मला वेडच लागलं होतं. तो आपल्या पोरासारखाच उकिडवा बसला, बुंध्यावरची माती हाताने सारली. मग त्याने मला बुंध्यावरची जुनी गाठ दाखवली. गाठीच्या वरचं ते कलम, खालचा तो रानटी खुंट. माझे सगळे फुटवे गाठीच्या खालून आलेले. ते सगळा रस पितात आणि वरचं उपाशी मरतं, ते कापा, आजच कापा, अजून एक फांदी जिवंत आहे, असं त्याने सांगितलं. आवाजात तोरा नव्हता, उलट माझीच काळजी होती. पण माझ्या डोक्यात सणक गेली. माझ्या पोराचं झाड कापायला सांगणारा तू कोण? असं मी तोंडाने बोललो नाही, पण त्याला चहा विचारला नाही, आणि फाटकापर्यंत पोचवून आलो.

गेल्या आठवड्यात फळं पिकली. म्हणजे पिवळी झाली, वासही सुटला. तुझ्या आईने हौसेने मोठं पातेलं काढलं. बिया मी काढल्या, साखर तिने घातली, दोन तास ढवळून जॅम केला. चव घ्यायला तिने चमच्याचं टोक जिभेला लावलं आणि तशीच उभी राहिली. मीही चाटून पाहिलं. कडू. साखर घालूनही घशात राहील असं कडू. मी म्हणालो, करपलं असेल. ती म्हणाली, "करपल्याचं कडू मला कळतं. हे त्याचं फळ नाही." मी तसाच परसात गेलो, वरच्या एका फांदीवर नखाने ओरखडा काढला. साल सुकी, आतून तपकिरी. दुसरी तशीच, तिसरी तशीच. आयुष्यभर मेलेलं लाकूड हाताळलं मी, मला काय कुणी सांगायला हवं होतं? तीन वर्षं मी लेकाच्या हातचं झाड मारत होतो, आणि तेही रोज पाणी घालून.

मी बुंध्याशी बसलो होतो ते बघून ती भिंत धरत आली. मी तिला त्या माणसाचं सांगितलं, की एकाने दोन महिन्यांमागेच सगळं सांगितलं होतं आणि मी ऐकलं नाही. ती म्हणाली, "कोण माणूस?" मी म्हणालो, असाच कुणी वाटसरू. ती म्हणाली, "वाटसरू भर उन्हात मातीत हात घालत नाही. कोण होता?" मग माझ्याने राहवलं नाही. तुझं पत्र फळीखालून काढलं आणि पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत वाचलं, त्या कडू पातेल्याशेजारी बसून. ती रडेल असं मला वाटलं होतं, खरं सांगायचं तर त्याच भीतीच्या आड मी तीन महिने लपलो होतो. ती रडली नाही. म्हणाली, "तिने दोघांना विचारलं होतं. माझं उत्तर तुम्ही कुणाला विचारून दिलंत?" मी पत्राची घडी घातली. मग म्हणाली, "जन्मभर दोनदा मापून एकदा कापलंत. आणि ही पोर तेवढी न मापता कापलीत होय?" नंतर बराच वेळ ती हाताने पातेल्याचा काठ पुसत बसली. तिने मला फुटवे कापायला लावले. तिला दिसत नाही, पण करवतीचा आवाज मोजत ती उभी राहिली, सगळे संपेपर्यंत. वर एका फांदीवर चार पानं आहेत. जगेल की नाही, मला कळत नाही. ज्याला कळतं तो माणूस मी दारातून परत पाठवला.

आता फेरे संपले, खिळा ठोकतो. तो तुझाच माणूस होता, आणि मी त्याला फाटकातच ओळखलं होतं. तू लिहिलं होतंस ना, की रोपवाटिकेत काम करतो, हुशार आहे, पण पहिल्या शब्दाला अडखळतो, घाई केली की जास्तच. तो माझ्यासमोर उभा राहून 'मी, मी' करत होता, कपाळाला घाम होता, आणि मी त्याचं वाक्य तोडून म्हणालो, "झाड बघायला आलात ना? या." झाडाबद्दल बोलताना तो एकदाही अडखळला नाही. जाताना फाटकाशी त्याने पुन्हा धीर केला. "तु... तुमच्या सु..." एवढंच निघालं, आणि मी म्हणालो, "सूनबाईचं म्हणता? तिचं पत्र आलंय. तिला पुन्हा लग्न करायचं नाही. तुमच्या तोंडावर सांगायला अवघडते बिचारी. तुम्हीच समजून घ्या." त्याने माझ्याकडे पाहिलं, मान हलवली, हात जोडले आणि फाटकाची कडी नीट लावून गेला. तो तुला काही बोलला नसेल, नुसता दूर झाला असेल, आणि तू इतके दिवस आपलं काय चुकलं म्हणून झुरत असशील. तुझं काही चुकलं नाही, त्याचंही नाही. मी खोटं बोललो. तुझं लग्न झालं की या घरात तो होता याची शेवटची साक्षीदार जाईल, असं मला वाटलं, आणि त्यासाठी मी तुला जिवंतपणी खुंटाला बांधायला निघालो होतो. तुझ्या आईचं उत्तर तिच्याच शब्दांत लिहितो: "हो म्हणाव. आणि म्हणाव, आधीच विचारलं असतं तर आधीच म्हणाले असते." माझंही हो आहे. मनापासून आहे का, असं विचारशील, तर मन अजून दुखतंय, पण हो त्यातूनच निघालंय, वरवरचं नाही. सोबत त्याच्यासाठी चिठ्ठी आहे, पाकीट मुद्दाम उघडं ठेवलंय, आधी तू वाच. तो ऐकून घेणार नसेल तर मला कळव, मी स्वतः येतो आणि त्याच्या दारात उभा राहतो. आणि ऐकलंच, तर दोघं इकडे या. त्याला म्हणाव, सावकाश बोल, लागेल तेवढा वेळ घे. मी मध्ये बोलणार नाही.

तुझाच, तू ठेवशील तर,
बाबा