जुना प्रेक्षक विरुद्ध कात्री

ती. ताईस,

धाकट्याचा वाकून नमस्कार (कंबर धरली आहे, तेव्हा अर्धाच वाकलो असं समज). तुझे गुडघे कसे आहेत? नात झोपू देते का? लेकीला नोकरीवर रुजू व्हायचं म्हणून तू तिकडचा मुक्काम वाढवलास, ते बरोबरच केलंस, आमची काही तक्रार नाही. (तक्रार पुढे आहे.) इकडे सगळे खुशाल. चष्म्याचं दुकान चाललंय. भावोजी मागच्या खोलीत भिंगं घासतात, मी पुढे काउंटरवर बसून गिऱ्हाइकांच्या नाकावर फ्रेम टेकवतो, आणि ताई, मी थकलोय. वयाने नव्हे. तुमच्या त्या संध्याकाळच्या मालिकेने थकलोय, आणि ती मी बघतसुद्धा नाही.

तुला म्हणून सांगतो, आमची कन्या वरच्या खोलीत बसून नोकरीचे अर्ज भरते असं भावोजी समजतात, तसं नाही. ती इंटरनेटवर सिनेमा-मालिकांची परीक्षणं लिहिते, ‘कात्री’ या नावाने. घरात विचारल्याशिवाय तोंडातून शब्द फुटत नाही, तिथे मात्र हजारो लोक वाचतात म्हणे. तर या कात्रीने लिहिलं, की तुमची मालिका पहिल्या वर्षी बरी होती, आता दर्जा पार रसातळाला गेलाय; नायिका दोनदा मेली, दोनदा परत आली, दुसऱ्या वेळी तर चेहरा बदलून आली आणि सख्ख्या नवऱ्याला पत्ता नाही. झालं! दुसऱ्याच दिवशी कोणा ‘जुना प्रेक्षक’ नावाच्या गृहस्थाने तिला ठणकावलं, की दुःखाने माणसाचा चेहरा बदलतो, पण कात्रीबाईंना दुःख कशाशी खातात ते ठाऊक नसावं. हा जुना प्रेक्षक म्हणजे आपले भावोजी. एका बोटाने टाइप करतात, त्यामुळे एक उत्तर लिहून होईस्तोवर गिऱ्हाइकाचा एक चष्मा राहून जातो.

आता यांना ती कोण हे माहीत नाही, तिला हे कोण हे माहीत नाही, आणि दोघंही आपापलं लिखाण आधी मला वाचून दाखवतात. मी सांगून टाकायला हवं होतं, कबूल. पण पहिल्या आठवड्यात गंमत वाटली आणि दुसऱ्या आठवड्यात उशीर झाला होता. तिला त्या उडत्या आगगाडीच्या सिनेमांचं कौतुक, त्याचा हल्लीच सातवा भाग आलाय. भावोजींनी विचारलं, तुमचा खलनायक तिसऱ्या भागात मेला तो सातव्यात परत आला की ती ‘कथेची खोली’, आणि आमची बाई परत आली की ‘दर्जा घसरला’, हा कुठला न्याय? (मला मुद्दा पटला. मग कात्रीचं उत्तर ऐकलं, तेही पटलं. म्हणूनच मला कोणी मत विचारत नाही, नुसतं ऐकवतात.) जेवायला दोघं समोरासमोर बसतात. ती आग्रहाने वाढते, आतोबा, थोडं घ्या ना, आणि भावोजी मला म्हणतात, पोरगी किती गुणाची आहे, नाहीतर ती भवानी कात्री! मी लोणच्याची बरणी पुढे सरकवतो.

धंद्याचं म्हणशील तर, रागाच्या भरात भावोजींनी एका मोटार शिकवणाऱ्या मास्तरांचं उजवं भिंग डाव्या डोळ्याला बसवलं. मास्तर दोन दिवस तसेच शिकवत होते. तक्रार घेऊन आले, तर भावोजींनी चष्मा तपासण्याआधी त्यांचं मालिकेबद्दलचं मत विचारलं. मास्तर सरळ माणूस, भिकार आहे म्हणाले. भावोजींनी चष्मा परत त्यांच्या खिशात घातला आणि मागे निघून गेले. मी हातापाया पडून फ्रेम फुकट दिली, तर जाताना मास्तर म्हणतात, तुम्ही ती कात्री वाचता का हो? फार छान लिहिते.

पण गंमत इथे संपली, ताई. गेल्या आठवड्यात पोरीने लिहिलं, की जुना प्रेक्षक हे बहुतेक कोणी एकटे आजोबा असावेत, घरात बोलायला माणूस नाही म्हणून मालिकेतल्या माणसांना धरून बसलेत. हे तिने मला न दाखवता टाकलं. भावोजींनी मात्र वाचलं. मी पाणी घेऊन मागे गेलो तर मशीन चालू होतं आणि हातात भिंग नव्हतं. मला एवढंच म्हणाले, “बरोबर लिहिलंय रे तिने.” त्या दिवशी जेवायला आले नाहीत. मला फार वाईट वाटलं. वर जाऊन पोरीला सगळं सांगितलं, तर ती आधी पांढरी पडली आणि मग ओक्साबोक्शी रडली.

बाकी ठीक. तब्येतीला जप. नातीला माझा पापा.

तुझा,
धाकटा

ता. क. वरचं वाचून घाबरू नकोस, भावोजी परत जेवायला येतात. पोरीने दुसऱ्याच दिवसापासून मालिकेची तोंड फाटेस्तोवर स्तुती सुरू केली. वाचक तिला शिव्या घालून सोडून चाललेत. आणि भावोजी? ते संतापलेत! कात्री विकली गेली म्हणतात. एवढी टुकार मालिका हिला चांगली दिसतेच कशी, हिला चष्मा लागलाय का, असं मलाच विचारतात. म्हणजे माणसाला सगळं दिसत होतं.

ता. क. २ मी विचारलं, मग एवढे दिवस भांडत का होतात? तर म्हणाले, तुझी ताई रोज फोनवर विचारते ना, मालिकेत आज काय झालं म्हणून. तेवढंच बोलणं होतं आमचं. आता तुझ्या भावजयीला तू मागे सांगितलंस, की बाळाच्या गडबडीत तू मालिका कधीच सोडलीस आणि फोनवर नुसतं हं हं करतेस. ते मी त्यांना सांगितलेलं नाही, सांगणारही नाही.

ता. क. ३ मूळ काम राहिलंच. मालिका या महिनाअखेरीस बंद होतेय, जाहीर झालंय. भावोजींनी ते वाचलं, आणि काल दुकान बंद करताना, कुलूप हातात धरून मला विचारलं, “मग फोनवर काय बोलायचं रे?” मी त्यांच्या हातातलं कुलूप घेऊन लावलं. तुला उत्तर सुचत असेल तर फोनवर सांगू नकोस, शेवटच्या भागाच्या आत इकडे ये. तो भाग अत्यंत रटाळ असणार, हे मी आत्ताच लिहून देतो. तरी ये.