धर्मशाळेच्या पेटीत लग्नाचे फोटो

आंबाटोला,
मंडईचे दिवस

आदरणीय जवाईबापू उदारामजी यांस,

ग्यानीरामचा रामराम. इकडे सगळे ठीक, माझे तळपाय सोडून. तुमचा गुडघा काय म्हणतो? शामकलाला सांगा, दादा खाऊनपिऊन आहे, उलट जरा जास्तच. फोनच केला असता, पण माझी गोष्ट अर्ध्यात आली की ती "बरं दादा, ठेवू का?" म्हणते.

आमच्या धर्मशाळेचं छत कोसळलं, हे कानावर आलंच असेल. मालगुजाराच्या विधवा सुनेनं वाटसरूंसाठी बांधलेली. चुन्याच्या भिंती अजून धडधाकट, पण छपरावर मातीचे कवेलू नाहीत. असा एक पावसाळा गेला की भिंतीही जातील. मागच्या पुरात नदीकाठची सारी घरं तिथंच झोपली होती, पवार, गोंड, सारे एका सतरंजीवर (आणि सारे मिळून माझ्या घोरण्याला शिव्या देत). आता केशोराव ठेकेदार ग्रामसभेत म्हणाले, पाडा आणि दुकानगाळे काढा. मी आडवा आलो, तर भरसभेत म्हणतात, "बापू, तुम्ही पानठेल्यापर्यंत फटफटीवर जाता. तुम्ही का छत टाकान?" माझं डोकं फिरलं. उठलो आणि बोलून बसलो की आजपासून चप्पल बंद, आजूबाजूच्या गावांच्या साऱ्या मंडया, एकूणएक जत्रा, पायी फिरीन आणि छताचं सामान गोळा करीन. (टाळ्या पडल्या. टाळ्या पडल्या की माणसाला खाली बसवत नाही, म्हणून "होळीच्या आत" हेही जोडलं. आमच्या घरची लीलाबाई तेव्हापासून माझ्याशी कामापुरतंच बोलते.)

आता मंडई म्हणजे रातभर दंडारीचं नाटक, घरोघरी पाहुणे, आणि पाहुण्यांत निम्मे सोयरीक शोधणारे, हे मला ठाऊक नव्हतं असं नाही. पण पांढरंशुभ्र धोतर, खांद्यावर दुपट्टा, काखेत मदतीची पेटी, अशा थाटात घरोघरी "पोरंबाळं बरी आहेत ना?" विचारत कोण फिरते, याचा विचार मी केला नाही. पहिल्याच घरी पाय धुतले. मला वाटलं, अनवाणीपणाचा मान! मग पोहे आले, चहा आला, आणि पाणी घेऊन एक पोरगी आली ती समोरच्या खुर्चीवरच बसली. मी सुरू केलं, "आमचं छत पडलं आहे, भिंती तेवढ्या मजबूत आहेत." पोरीचा बाप म्हणाला, "घर कसंही चालते जी. पोरगा का करते?"

दुपारपर्यंत माझी कीर्ती माझ्यापुढं धावू लागली. संध्याकाळी पेटी उघडली तर आत फोटो, उंची, रंग, शेती, आणि एका पोराची दहावीची मार्कशीट. कवेलू एक नाही. एका म्हाताऱ्या दुर्गाबाईनं तर विचारलं, "काऊन लाजता जी? नवरदेव तुम्हीच असान तरी सांगा." (ही बातमी मी घरी पोचायच्या आधी लीलाबाईकडं पोचली होती.) पानठेल्यावर केशोराव खो खो हसले, "बापू, छतावर फोटो टाकून राहिले का?"

त्या हसण्यानंच अक्कल आली. साऱ्यांनी घरांवर स्लॅब टाकले आहेत, जुने कवेलू परसात पडून आहेत. मी निरोप धाडला, सोयरीक धर्मशाळेतच जुळवून देईन, येताना कवेलू आणा. जवाईबापू, ट्रॅक्टर लागले हो रांगेनं! एका व्याह्यानं दुसऱ्याला कवेलू उतरवताना पाहिलं आणि तिथंच पोराचं पक्कं केलं. अडलं ते मधल्या मोठ्या सागाच्या मयालीपाशी. ती आडवी तुळई नाही तर कवेलू ठेवू कशावर?

असो. तळपायांना लीलाबाई तेल लावते आहे, म्हणजे राग उतरला असावा. घरच्या साऱ्यांना रामराम सांगा.

तुमचा,
ग्यानीराम

ता.क. मयाल मिळाली. कामठ्याच्या श्यामलालनं जुन्या घराची दिली. त्याची योगेश्वरी नर्स आहे, पोरगी लाखात एक. त्यानं विचारलं, नजरेत कोणी आहे का, आणि माझ्या तोंडून तुमच्या इंद्रकुमारचं नाव निघालं. भाच्यावर मामाचा थोडा हक्क असतोच. मयाल चढली, तिच्यावर कवेलू बसले. आता तुम्ही नाही म्हणाल तर धर्मशाळा पुन्हा उघडी पडेल, एवढाच विचार करा आणि रविवारी या.

ता.क. पुन्हा. लीलाबाई शेजारी बसून पत्र वाचून राहिली, म्हणून खरं लिहितो. पोरगी बापादेखत म्हणाली, "मामाजी, मयाल धर्मशाळेला दिली, ती दिली. पोराचं मी पाहून सांगीन." तेव्हा छताची काळजी नाही. काळजी इंद्रकुमारची आहे. त्याला दाढी करून आणा.