कोंडी

८ सप्टेंबर

आज पुन्हा तेच – "कोंडी". सकाळी चहाच्या वेळी, अंगणाकडे डावा हात करून. उन्हाळ्यात ह्यांना पक्षाघाताचा झटका आला तेव्हापासून तोंडात मोजके शब्द उरलेत – हो, नको, चहा. माझं नावसुद्धा येत नाही. आणि आता एक नवा शब्द आला तो असा! कोंडी होतेय माणसाची, दुसरं काय? अंगणात जीप उभी. दर वर्षी पाऊस सरता सरता ती अळणावरच्या चिखलात नेऊन नाचवायची, हा ह्यांचा सण. आता उजवा हात साथ देत नाही.

स्वयंपाकघरात जाऊन रडून घेतलं.

९ सप्टेंबर

घरातल्या सगळ्या खिडक्या उघडल्या. डास आले.

संध्याकाळी मोठ्या गाडीतून उणकल तळ्यावर फिरवून आणलं. मला गाडी येते म्हणून बरं. उतरल्यावर हे गाडीच्या मागे गेले, बंपरवर थापा मारल्या आणि पुन्हा "कोंडी!" चिडले होते. मीही चिडले. अजून किती मोकळं करू तुम्हाला?

१२ सप्टेंबर

ठरलं. जीप विकायची. डोळ्यांसमोर उभी राहून ती जिवाला खातेय ह्यांच्या.

धाकट्या दिरांना, श्रीवत्सभावोजींना, अळणावरला फोन केला. ते म्हणाले, "वहिनी, अण्णाला विचारलंत का?" कोणत्या तोंडाने विचारू?

१४ सप्टेंबर

हसू की रडू!

विकण्याआधी जीप तपासायला मंजुनाथला बोलावलं होतं – ह्यांचा जुना मेकॅनिक. ह्यांनी त्याची बाही धरली, मोठ्या गाडीच्या मागे नेलं आणि म्हणाले, "कोंडी." आणि तो गडी जराही न थबकता – "याव साइज री, सर?" कुठल्या मापाची, म्हणे!

"कसलं माप?" मी विचारलं. मग त्यानेच सांगितलं, "कोंडी अंद्र हुक री, अक्का."

कन्नडातली कोंडी! अडकवायची कडी! हे धारवाडचे, दोन्ही भाषा एकाच जिभेवर. मी साताऱ्याची, माझं कन्नड भाजीबाजारापुरतं. ह्यांना गाडीला मागे हुक हवा होता. हुकाला ट्रेलर, ट्रेलरवर जीप, आणि ओढून न्यायची अळणावरला. ओढणार कोण? मी! आठवडाभर हा माणूस मला कामाला लावत होता आणि मी खिडक्या उघडत बसले.

विक्री रद्द. उन्हाळ्यानंतर आज पहिल्यांदा पोटभर जेवले.

१८ सप्टेंबर

दुर्गदबैलच्या बाजारात. हुकाचा गोळा पन्नास मिलिमीटरचा, त्यावर बसणारी ट्रेलरची टोपी दोन इंची. दुकानदार म्हणे दोन्ही एकच, चालतंय की! ह्यांनी टोपी बसवली, डाव्या हाताने हलवली – खुळखुळ. "नको." सैल चप्पल घालून धावायचा प्रकार तो. तीन दुकानं पालथी घातली तेव्हा दोन इंची गोळा मिळाला.

ट्रेलर मला दोन चाकांचा आटोपशीर वाटत होता. ह्यांनी चार बोटं नाचवली. मंजुनाथचंही तेच मत – एवढी जीप उतारावर मागून ढकलणार, चार चाकं हवीत, स्वतःचे ब्रेक हवेत. शिवाय दोन साखळ्या. हुक निसटलाच तर त्या धरतील. कागदपत्रांचं भावोजी आरटीओत विचारून आले. घरात पुन्हा वादावादी सुरू झाली. किती बरं वाटलं!

२३ सप्टेंबर

रिव्हर्स म्हणजे शिक्षा आहे. स्टिअरिंग डावीकडे फिरवा, ट्रेलरचं ढुंगण उजवीकडे! मैदानात गाडी नि ट्रेलर कात्रीसारखे मिटले. हे शेजारी बसून – "उलट. उलट!"

नवा शब्द! स्पीच थेरपीच्या बाई चित्रं दाखवून दमल्या, आणि तो आणला माझ्या गाढवपणाने. मुद्दाम आणखी एकदा चुकले.

२७ सप्टेंबर

जीप चढवून पहिली चाचणी. जरा वेग घेतला तर ट्रेलर शेपटी हलवायला लागला, गाडीसकट. कशीबशी थांबवली. हे शांत. म्हणाले, "पुढे." मंजुनाथने जीप ट्रेलरवर वीतभर पुढे सरकवली, हुकावर वजन आलं, आणि ध्यान गुमान चालू लागलं.

४ ऑक्टोबर

उद्या अळणावर. चिखलात जीप भावोजी चालवणार, हे शेजारी बसणार. एवढं पाहिलं की मला पुरे.

५ ऑक्टोबर

पोचलो. हुक, साखळ्या, मी – सगळं शाबूत! भावोजींनी किल्लीसाठी हात पुढे केला. ह्यांनी किल्ली माझ्या तळहातावर ठेवली.

पहिल्याच डबक्यात चाकं रुतली. पुढे नाही, मागे नाही. माझ्या चष्म्यावर चिखल, आणि हे शेजारी बसून खदाखदा हसतायत.

"श्यामले – कोंडी!"

या खेपेला मराठीत.