बंदुकीमागे एक टर्की

२ ऑक्टोबर, सोमवार. सकाळी ६.१०
आजपासून रोजनिशी. ही कोणी वाचायची नाही, बायकोनेसुद्धा नाही.
ठरलं. गावातल्या बंदुका कमी करायच्या. देशाचं नंतर बघू.
प्लॅन सोपा आहे: बंदूक आणून द्या, टर्की घेऊन जा. थँक्सगिव्हिंगच्या सणाला ताटात टर्की पक्षी लागतोच; सणाच्या तोंडावर विस्कॉन्सिनमध्ये फुकट टर्कीला कोण नाही म्हणेल? उभा जन्म हायस्कुलात नागरिकशास्त्र शिकवण्यात गेला. माणसाचं मन मला कळतं.
मार्लिसला सांगितलं. ती म्हणाली, छान. लग्नाला इतकी वर्षं झाल्यावर बायकोचं ‘छान’ मनापासून आहे की नाही हे ओळखता येतं. मनापासून होतं. ती विणत होती, वर बघितलं नाही, एवढंच.

५ ऑक्टोबर, गुरुवार
चर्चचा हॉल मिळाला. तारीख १८ नोव्हेंबर, शनिवार. पास्टर कॅरिनबाई म्हणाल्या, लेलंड, त्या दिवशी हरणांची शिकार सुरू होते, गावात चिटपाखरू नसतं. मी म्हटलं, म्हणूनच! वर्षभर कपाटात पडलेली बंदूक त्या दिवशी बाहेर निघालेलीच असते. आपण फक्त तिची दिशा बदलायची. बाईंनी हॉलची किल्ली माझ्या हातात ठेवली. मुद्दा पटला की माणूस वाद घालत नाही.

८ ऑक्टोबर, रविवार
अंगणात बोर्ड लावला: ‘या घरात बंदूक नाही.’ अक्षरं मीच रंगवली. ‘बंदूक’ जरा मोठं झालं आणि ‘नाही’ कोपऱ्यात गेलं, पण जवळ आल्यावर वाचता येतं.
शेजारी ऑरिन बाक्के. त्याच्या अंगणात गेली दहा वर्षं दुसरा बोर्ड आहे: ‘माझी बंदूक हवी? येऊन घ्या.’ या बोर्डावरून आमचं किती वाजलं असेल! पूर्वी त्याभोवती त्याच्या बायकोने, वर्नाने, फुलं लावलेली असायची. वर्ना ऑगस्टमध्ये गेली. आता गवत माजलंय आणि बोर्डही एका अंगाला कललाय. विरोधी बाजूत शिस्त राहिलेली नाही.

१२ ऑक्टोबर, गुरुवार
पेपरला लेख पाठवला होता. दीड हजार शब्द. त्यातल्या दोन ओळी छापल्या, त्याही हरवलेल्या मांजराच्या जाहिरातीखाली. संपादक माझा जुना विद्यार्थी. नापास करायला हवा होता.
संकल्प: रागवायचं नाही. डोनट बंद.

१५ ऑक्टोबर, रविवार
ऑरिन आला. मागच्या दाराने. टोपी हातात. म्हणाला, माझ्या बंदुका वसंत ऋतूपर्यंत तुमच्या तळघरात ठेवशील का?
मी काय दूधखुळा आहे? सरळ सापळा. माझ्या अंगणात ‘बंदूक नाही’चा बोर्ड आणि तळघरात याचं शस्त्रागार. उद्या कॅफेत गावभर हशा. तसं तोंडावर सांगितलं त्याला. यंदा शिकारीला जात नाहीये, म्हणाला. आयुष्यात एकही सीझन न चुकवलेला माणूस! थाप मारताना निदान पटेल अशी मारावी.
‘बरं, असू दे,’ म्हणाला आणि तिथेच उभा राहिला. दाढीही केलेली नव्हती. नाटक करायचं तर ते पूर्ण करावं, याबाबतीत त्याला मानलं पाहिजे.
दोन डोनट खाल्ले. प्रसंग तसा होता.

१९ ऑक्टोबर, गुरुवार
प्लॅनमधला चौथा मुद्दा: विरोधकांचं ऐकून घेणे. ऑरिनला कॉफीला बोलावलं. त्याने बोलायचं, मी ऐकायचं, असं ठरवलं होतं. पण आधी विषयाची पार्श्वभूमी द्यावी लागते, नाहीतर समोरचा भरकटतो. पार्श्वभूमीत कॉफी संपली. शेवटी तो एवढंच म्हणाला की घर फार शांत असतं हल्ली. मी लगेच टिपून घेतलं. एवढी शांतता असेल तर बंदूक कशाला हवी? विरोधकानेच कबुली दिली. भाषणात वापरणार.
मार्लिस त्याला ओव्हनमध्ये भाजलेली बटाट्याची हॉटडिश द्यायला म्हणून त्याच्याबरोबर गेली ती जेवायच्या वेळेला परतली. डोळे लाल. तिला कांद्याचा त्रास होतो.

२७ ऑक्टोबर, शुक्रवार
टर्कींची ऑर्डर दिली. चाळीस. मार्लिस म्हणाली, चारपासून सुरुवात कर. मोठ्या कामात घरातूनच पाय ओढले जातात.
कुंपणापाशी ऑरिन पुन्हा. टर्की नको, म्हणाला, बंदुका नुसत्या घेऊन जा, आजच. मी स्पष्ट सांगितलं की शेजारी म्हणून वशिला चालणार नाही. अठरा तारखेला सकाळी नऊ वाजता सगळ्यांबरोबर रांगेत यायचं. नियम म्हणजे नियम.
तो म्हणाला, “अठरा तारीख फार लांब आहे रे, लेलंड.”
मी त्याला फोनमधलं कॅलेंडर काढून दाखवलं. जेमतेम तीन आठवडे. त्यावर तो हसला. ऑगस्टनंतर पहिल्यांदाच हसला असेल. आमच्यातले संबंध सुधारत आहेत.

४ नोव्हेंबर, शनिवार
भाषणाची तालीम, आरशासमोर. हात कुठे ठेवायचे हा प्रश्न आहे.
मार्लिस घरात सापडत नाही. सकाळ-संध्याकाळ ऑरिनकडे. पत्ते खेळतो, म्हणते. बाजू बदलणार की काय ही? विचारलं, तर म्हणाली, तू तालीम कर.

१३ नोव्हेंबर, सोमवार
टर्की आल्या. चर्चचा फ्रीझर भरला, पास्टरबाईंचा भरला, आमचाही भरला. मार्लिसचं आइस्क्रीम बाहेर काढावं लागलं. ते ऑरिनने आणि तिने संपवलं. मला विचारलं नाही.

१८ नोव्हेंबर, शनिवार. दुपारी १२.३०, चर्च
९.०० दारं उघडली.
९.३० शेरिफकडून एक माणूस आला आहे, बंदुका ताब्यात घ्यायला. भला माणूस. डोनट खातोय.
१०.१५ शिकारीचं नारिंगी जाकीट घातलेला एकजण! पाठीला बंदूक! मी उभा राहिलो. त्याला टॉयलेट हवं होतं.
११.०० मिसेस ओल्सन आल्या, नातवाची प्लॅस्टिकची पिचकारी घेऊन. माझ्या पत्रकात बंदूक खरी हवी असं कुठेही लिहिलेलं नाही, म्हणाल्या. टर्की द्यावी लागली. त्यांनी मोठी निवडली.
११.४० शेरिफचा माणूस शिकारीला गेला.
ऑरिन आलाच नाही. तरी सांगत होतो, सापळा होता. आता घरी जाऊन मार्लिसला हेच सांगतो.

त्याच दिवशी. संध्याकाळी ५
ऑरिन आमच्याच स्वयंपाकघरात होता. बटाटे सोलत होता. दाढी केलेली.
मी विचारलं, नऊ वाजता कुठे होतास? बंदुका आणणार होतास ना? तो मार्लिसकडे बघायला लागला. ती म्हणाली, आपल्या तळघरात आहेत. ज्या दिवशी त्याला मी कॅलेंडर दाखवलं, त्याच संध्याकाळी ती जाऊन घेऊन आली. सगळ्या. किल्ली तिच्याकडे आहे.
मी म्हटलं, अगं, अंगणात बोर्ड आहे आपला. मला कळवायचं तरी. शिवाय टर्की न देता घेतल्यास, म्हणजे त्या प्लॅनमध्ये धरता येत नाहीत.
ऑरिन सुरी ठेवून बाहेर गेला. मग मार्लिस बोलली. आवाज चढवला नाही.
“त्याला रात्री त्या घरात त्या बंदुकांबरोबर एकट्याने राहायची भीती वाटत होती, लेलंड. त्याने तुला दोनदा सांगितलं. तिसऱ्यांदा तो सांगणार नव्हता.”
मी खुर्चीवर बसलो. भाषण खिशात होतं. त्यात एक परिच्छेद आहे की या देशात बंदुकीने मरणाऱ्यांतले निम्म्याहून जास्त स्वतःच्याच हाताने मरतात. मीच लिहिलाय. पाठ आहे.

१९ नोव्हेंबर, रविवार
बोर्ड काढला. तो खोटा झाला होता.
पास्टरबाईंचा फोन. चर्चच्या पत्रकात आकडा छापायचा होता. पिचकारी एक, म्हणून सांगितलं. तळघराबद्दल बोललो नाही. ती गोष्ट ऑरिनची आहे.
दुपारी ऑरिनकडे गेलो. काय बोलायचं ते ठरवून गेलो होतो. त्याने दार उघडलं आणि त्यातलं काही आठवेना. मला लाज वाटत होती. तो म्हणाला, आत ये, थंडी आहे.
अंधार पडेपर्यंत तो वर्नाबद्दल बोलत होता. मध्ये दोनदा मला मुद्दा सुचला. नाही मांडला.