वेदिकेची केस

मखमलाबाद, नाशिक
डिसेंबर २००५

आमच्या आईचं तोंड फाटकं, त्या तोंडापायी मला दिंडोरीच्या होणाऱ्या व्याह्यांपुढे मान खाली घालावी लागली, असं तू भागुबाईच्या ओसरीवर बसून चार माणसांत बोललास. मी त्या चौघांत नव्हते, पण चौघांत तिघी बायका होत्या, तेव्हा मला दिवस मावळायच्या आत कळलं. हेही कळलं की बडोद्याहून आलास, दिंडोरीला जाऊन आलास, भागुबाईकडे चहा प्यायलास आणि आमच्या दारावरून गाडी सरळ पुढे नेलीस. मी अंगणात शेवंती निवडत होते. गाडी ओळखली. हातातलं फूल खाली ठेवून उभीही राहिले होते.

प्रिय भारत,

प्रिय लिहायची पद्धत आहे म्हणून लिहिलं. या घडीला तू मला मुळीच प्रिय नाहीस. पत्र लिहायचं कारण म्हणजे फोनवर मी बोलायला लागले की तुझी रेंज जाते. सगळ्या बडोद्याची रेंज शाबूत असते, तुझीच तेवढी आईच्या आवाजानं जाते. कागदाला तसलं काही नसतं. मी तिसरी शिकलेली बाई, ऱ्हस्व-दीर्घ तुझ्या मर्जीनं लावून घे, पण शेवटपर्यंत वाच. शुभांगीनं वाचून दाखवलं तरी चालेल, फक्त तिला सांग, मधलं काही गाळायचं नाही. ती माणसाचं मन राखून वाचते.

इकडचं बरं चाललंय. यंदा शेवंतीला थंडी मानवली. गुडघा आहे तसाच आहे. तू विचारलं नाहीस, पण पत्रात लिहितात.

आता मूळ गोष्ट. तुला अर्धी ठाऊक आहे आणि त्या अर्धीवर तू सगळा कारभार केलास, म्हणून पहिल्यापासून सांगते. तू आणि शुभांगी बडोद्याला गेलात, पोरीचा डिप्लोमा नाशकातच होऊ दे म्हणून तिला माझ्याकडे ठेवलंत. डिप्लोमा झाला, वेदिका सातपूरला साच्यांच्या कारखान्यात लागली. प्लास्टिकच्या बादल्या, डबे, झाकणं ज्यातून निघतात ते साचे. आधी ती कॉम्प्युटरवर त्याचं चित्र काढते, चारी बाजूंनी फिरवून बघते, मग लोखंड कापतात. तिथली मशीन जुनी. चित्र फिरवलं की अडकून बसायची. मालक म्हणाला, तुझ्या घरी दणकट मशीन असेल तर मोठी कामंही तुलाच देतो. झालं! पोरीनं मशीन स्वतः जोडायची ठरवली. विकतची तयार नको, तयार मशीनमध्ये आपल्याला हवं ते नसतं, म्हणाली. एकेक भाग आणला. ती मोठी हिरवी पाटी आणली, मेंदू म्हणतात ती चकती आणली, आणि एक कार्ड आणलं, चित्रं काढणारं. ते माझ्या वितीपेक्षा चार बोटं लांब, त्याच्याच अंगावर पंखा. सगळं माझ्या पलंगाखाली खोक्यांत. मला झाडू मारायची बंदी.

राहिलं काय, तर हे सगळं ज्यात बसवायचं ती पेटी. दुकानवाले तिला कॅबिनेट म्हणतात. आपली बाई पडली इंग्रजी मासिकं वाचणारी, ती म्हणायची केस. मी पहिल्याच दिवशी तिला म्हटलं होतं, अगं, आमच्यात केस म्हणजे एक तर डोक्यावरचे, नाही तर कोर्टातली, ही तिसरी कुठून काढलीस? ती हसली. आणि बोलता बोलता माझ्याही तोंडात केसच बसली. तिथूनच सगळा घोळ झाला.

ती केस निवडताना पोरीनं जेवढा जीव काढला तेवढा तू बायको निवडताना काढला नव्हतास. इथल्या द्वारका चौकाजवळच्या दुकानात मला एकदा घेऊन गेली. जाताना फुलांच्या खोक्याचा पुठ्ठा त्या कार्डाएवढा कापून पिशवीत घातला आणि प्रत्येक पेटीत तो घालून बघायला लागली. बऱ्याच पेट्यांत तो पुठ्ठा तिरका बसायचा, नाही तर बसायचाच नाही. एक पेटी मला फार आवडली होती. पुढून आरशासारखी चकचकीत, आत निळा दिवा, देवघरात ठेवावी अशी. वेदिकेनं तिच्या तोंडावर हात ठेवला आणि म्हणाली, आजी, इथून हवा कशी जाईल? दुसरीचा पत्रा बोटानं वाजवला तर पापडासारखा वाजला, वरून कडेला तिचं बोट कापलं. तिसऱ्या पेटीत सगळं बसत होतं, पण पंख्याला एकच जागा. दुकानदार वैतागला. म्हणाला, ताई, लोक रंग बघून कॅबिनेट नेतात, तुम्ही भोकं कसली मोजताय? मी म्हटलं, शेठ, तुमच्या घरी चाळण घेताना रंग बघतात का? त्यानं मग मला स्टूल दिलं.

मला तिनं समजावलं ते आपल्याच धंद्यातलं. म्हणाली, आजी, तू शेवंती बंद खोक्यात भरून पत्र्याखाली ठेवतेस का? मी म्हटलं, सकाळपर्यंत काळी पडेल. म्हणाली, तसंच आहे. आत सगळं तापतं. पुढून गार हवा आली पाहिजे, मागून गरम गेली पाहिजे. त्यात आपली खोली पत्र्याची, शेजारच्या द्राक्षांवर गंधकाची भुकटी मारतात तीही उडून येते, म्हणून पुढं जाळी हवी, आणि जाळी काढून धुता आली पाहिजे. शेवटी घेतली ती काळी, जड, पुढून सगळी जाळीच. दिवा नाही, चमक नाही. कोंबड्यांच्या खुराड्यासारखी दिसते. पण मशीन सुरू केली, पोरीनं साचा गरागरा फिरवला आणि तो कुठंच अडकला नाही, तेव्हा तिचं तोंड बघायला तू हवा होतास. नव्हतास.

मी माझ्या जुन्या लुगड्याचं त्या पेटीला कव्हर शिवलं होतं, काठ लावून. आपल्याकडे टीव्हीला घालतात, मिक्सरला घालतात. ती म्हणाली, आजी, हिला कव्हर नको, हिचा श्वास कोंडेल. मला राग आला होता. दोन दिवस बोलले नाही तिच्याशी. पण ती म्हणाली ते खरं होतं.

ती केस मिळायच्या आधीच, म्हणजे शोधाशोध चालू असताना, राजच्या बापाचा, निवृत्तीअण्णांचा, दिंडोरीहून फोन आला. वेदिकेच्या लग्नाची सुपारी कधी फोडायची ते ठरवायला. फोन मी उचलला. वेदिका कुठंय, म्हणाले. मी म्हटलं, केसच्या पायी द्वारकेला गेलीय. कसली केस? म्हटलं, अण्णा, काय सांगू, महिना झाला, केस काही सुटेना, आज निकाल लावूनच येते म्हणालीय. त्यांचा आवाज बारीक झाला. कधीपासून आहे हे? म्हटलं, सातपूरला लागल्यापासून. मालकामुळंच सगळं, तोच म्हणाला, साध्यानं भागायचं नाही. मग विचारलं, भारतरावांच्या कानावर आहे का? मी म्हटलं, त्याला कशाला सांगायचं, पोरगी एकटी भांडायला खमकी आहे. फोन ठेवला त्यांनी. मला वाटलं, त्यांचीही रेंज गेली.

चार दिवसांनी हे स्थळ जुळवणारी भागुबाई आली, पदर डोक्यावरून घेऊन, कोणी गेल्यासारखी. म्हणते कशी, सगुणा, पोरीवर केस चालू हाय आणि तू आम्हाला सांगितलं नाय? कारखान्याच्या मालकानं काय केलं पोरीचं? मी तिला हाताला धरून खोलीत नेलं आणि ती पेटी दाखवली. ही बघ केस, म्हटलं, हात लावून बघ, चावत नाही. भागुबाई इतकी हसली की तिला उचकी लागली. दिंडोरीला जाऊन तिनं सगळं समजावलं. तेही हसले म्हणे. म्हणजे ऐक, भारत, माझ्या शब्दानं काही मोडलं नव्हतं. आठवड्याच्या आत सगळं निस्तरलं होतं.

मग राहिलं काय? राहिलं हे, की हसून झाल्यावर निवृत्तीअण्णांनी चौकशी केली, मुलगी त्या मशीनवर नेमकं करते काय. कळलं की पगारी काम करते, लग्नानंतरही करणार आहे. तेव्हा ते म्हणाले, कोर्टाची केस असती तर मिटवता तरी आली असती. हे भागुबाईनं मला जसंच्या तसं सांगितलं, तिला वाटलं मी हसेन. पुढचा निरोप असा, की मशीन आणायची तर आणा, आम्ही हॉलमध्ये शोकेसच्या शेजारी ठेवू, चांगलं कव्हर शिवून, आल्यागेल्याला दाखवायला. पण सून बाहेरच्या कारखान्याचं काम करणार नाही. आमच्या बागा आहेत, आमच्याकडे ते शोभत नाही.

यावर तू काय करायला हवं होतंस? माझ्या मते पोरीला विचारायला. तू काय केलंस? गाडी काढलीस, दिंडोरीला जाऊन हो म्हणालास. वर त्यांना म्हणालास, आमच्या आईमुळं तुम्हाला मनस्ताप झाला, आता तुम्ही म्हणाल ते आम्हाला मान्य. मग सातपूरच्या मालकाला स्वतः फोन केलास, की वेदिका पुढच्या महिन्यापासून येणार नाही. पोरीला ते मालकाकडून कळलं. तिथं, साच्याच्या बाजूला उभी असताना, सगळ्यांसमोर.

आता नीट वाच. शब्द माझा चुकला. केस म्हणाले, कॅबिनेट म्हणायला हवं होतं. त्याची भरपाई दिंडोरीकरांना हवी असेल तर मी देते. मी जाते, त्यांच्या ओट्यावर बसते, चारदा म्हणते की म्हातारीला इंग्रजी येत नाही. पण माझ्या एका शब्दाची भरपाई तू पोरीच्या हातातलं काम देऊन केलीस? हे तुला कोणी शिकवलं? तुझ्या बापानं तर नाही. मी बाजारात फुलं घेऊन बसायला लागले तेव्हा त्याचा भाऊ म्हणाला होता, बायको चौकात बसवतोस का? तुझ्या बापानं माझी टोपली उचलून माझ्या डोक्यावर ठेवली आणि तो निघून गेला. एवढंच केलं त्यानं आयुष्यात, पण केलं.

आणि तो राज. मुलगा वाईट नाही, मी बघितलाय, मान वर करून बोलतो. पण यात त्याचा आवाज मला अजून ऐकू आलेला नाही. फोन बापाचा, निरोप भागुबाईचा, होकार तुझा. लग्न नक्की कोणाचं लावताय? वेदिकेला तो आवडलाय का, हेही मला माहीत नाही. कदाचित आवडला असेल. कदाचित ती त्याच्यासाठी काम सोडेलही, माझा विरोध नाही. सोडायचं तर तिनं सोडावं. तू कोण सोडणारा?

मी हे सगळं बोलले नसते. रागावले असते, शिव्या दिल्या असत्या, आणि पुढच्या खेपेला गाडी दारात थांबली की तुला जेवायला वाढलं असतं. पण काल दुपारी मी लसूण सोलत होते. वेदिका सातपूरहून लवकर आली. चप्पल काढली, खोलीत गेली, मशीनच्या वायरी काढल्या, एकेक गुंडाळली, रबर लावले. मग माझ्यासमोर येऊन उभी राहिली. रडली नाही. रडली असती तर मी हे पत्र लिहिलं नसतं, रडणाऱ्या पोरीला मी सावरू शकते. ती म्हणाली, आजी, ते तू शिवलेलं कव्हर कुठंय? मी म्हटलं, त्याची मी कधीच फडकी केली. खोटं बोलले. कव्हर माझ्या ट्रंकेत आहे, घडी घालून, आणि ट्रंकेची किल्ली माझ्या कमरेला आहे. तिला म्हटलं, वायरी परत लाव, मला तुझा साचा फिरताना बघायचाय. तिनं लावल्या. पण बघताना ती साच्याकडे बघत नव्हती, माझ्याकडे बघत होती.

तुझीच, अजून तरी,
आई

येत्या रविवारी सकाळी निवृत्तीअण्णा तारीख विचारायला इथं घरी फोन करणार आहेत. त्याआधी तू त्यांना काही कळवायचं नाहीस, भागुबाईच्या हातीही नाही. फोन वाजला की मी उचलणार नाही. वेदिका उचलेल, आणि काय ते उत्तर तीच देईल.