बाबांची चालण्याची परीक्षा

१४ नोव्हेंबर

ती. ताईस, नमस्कार.

इतके दिवस पत्र नाही, रागावू नकोस. (कामं होती असं लिहिणार होतो; खरं म्हणजे चांगली बातमी हाती आल्याशिवाय लिहवेना.) तुझी पाठ कशी आहे? भाऊजींचा खोकला थांबला का?

बाबांना पोटाच्या ऑपरेशनची भूल झेपेल का हे पाहायला दवाखान्यात काल चालवून बघितलं. लांब पॅसेज, दोन्ही टोकांना एकेक खुर्ची, बोटाला नाडी आणि ऑक्सिजन मोजणारा चिमटा, आणि सहा मिनिटं जमेल तितक्या भरभर येरझारा. अंतर कमी भरलं तर ऑपरेशन पुढे. आणि पुढे ढकलणं बरं नाही, हे सर्जननी आधीच बजावलेलं. बाबा पडले तर, या धास्तीने मी शेजारून चालायची परवानगी मागितली. (ही काळजी होती की काळजीवाहू दिसायची हौस, हे माझं मलाच अजून ठरवता आलेलं नाही.)

अंतर कमी भरलं. चांगलंच कमी. बाबांना ना घाम, ना धाप. फिजिओथेरपिस्ट बाई बुचकळ्यात पडल्या. म्हणाल्या, "आजोबा, पाय दुखतात का?"

"छे हो. हा मागे पडत होता. त्याला टाकून कसा जाऊ?"

आपल्याला शाळेत सोडताना ते आपल्या छोट्या पावलांच्या बेताने चालत, आठवतं? ती सवय गेलेली नाही. बाईंनी मला टोकाच्या खुर्चीवर बसवलं, हलायचं नाही म्हणाल्या, आणि अर्ध्या तासाने परीक्षा पुन्हा घेतली. या वेळी बाबा त्यांच्या कॅनव्हासच्या बुटांत असे सुटले की घड्याळ घेतलेल्या बाईंचीच तारांबळ. शिवाय दर फेरीला माझ्या खुर्चीला वळसा घालताना विचारत होते, "थांबली का रे धाप?" पॅसेजमधले सगळे पेशंट माझ्याकडे सहानुभूतीने बघत होते.

बाबा पास झाले. ऑपरेशन सोमवारी.

तुझा,
धाकटा

ता. क. निघताना बाईंनी तो चिमटा सहज म्हणून माझ्या बोटाला लावला. मग सहज म्हणून हृदयाच्या डॉक्टरांना फोन केला. त्यांनी मलाही चालवून बघायला बोलावलंय, तेही नेमकं सोमवारीच. तेव्हा तू रविवारी ये आणि बाबांजवळ थांब.

ता. क. २ बाबांना यातलं काही सांगू नकोस. कळलं तर ऑपरेशन सोडून माझ्या शेजारून चालायला येतील.

माझं उद्याचं काम: सोमवारी चालायला बाबांचे ते कॅनव्हासचे बूट मला होतात का, त्यांच्या नकळत बघणे.